अर्धा मिलिमीटर

८ जानेवारी

काका,

वर काय लिहावं इथेच दोन कागद वाया गेले. तीर्थरूप म्हटलं तर शाळेतल्या पत्रलेखनासारखं वाटलं, प्रिय म्हटलं तर आगाऊपणा वाटला. शेवटी नुसतं काका ठेवलं आहे, तेवढं चालवून घ्या. मी तुमच्या मोठ्या भावाची मुलगी. तुम्ही वर्कशॉप सोडून गेलात तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुम्ही मला वॉशर म्हणायचात, कारण मी गोल होते आणि ऐन कामाच्या वेळी सापडायची नाही. आता मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. गोल अजूनही आहे.

तुमचा पत्ता काकूने दिला. परवा एका लग्नात भेटली, मला ओळखलं आणि हात सोडेना. म्हणाली, "फोन करू नकोस, ते 'हं' म्हणून ठेवून देतात. पत्र मात्र दोनदा वाचतात." म्हणून पत्र.

वर्कशॉपची जागा मार्चअखेर खाली करायची आहे. मालकाला तिथे इमारत बांधायची आहे आणि बाबा माझ्याकडे राहायला येणार आहेत. जॅक, पाने, वेल्डिंगचं सामान, सगळ्यांची सोय लागली. राहिली ती गाडी. तुम्हाला आठवत असेलच, हिरवी, शर्यतीची. मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली उभी आहे. बाबा म्हणतात, भंगारात घाल. म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

जुन्या गाड्या जपणारी एक संस्था आहे, तिथे विचारून पाहिलं. त्यांचा पहिलाच प्रश्न, इंजिन केवढं? डिकीवर पाहिलं तर १३०० लिहिलंय. कागदांवर १२७२ आहे. समोर टायरचं दुकान चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "वन पॉइंट थ्री, त्यात काय विचारायचं?" बाबांना विचारलं तर म्हणाले, "ते तुझ्या काकाला विचार," आणि अर्ध्या ताटावरून उठले. आमच्याकडे एकाच माणसाचे असे तीन रिपोर्ट आले तर आम्ही मशीन बंद करतो.

खरं विचारायचं ते शेवटी विचारते. गाडी तुम्ही न्याल का? आणि न्यायला स्वतः याल का? बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले. या महिन्यात त्यांच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तुम्हा दोघा भावांना एका खोलीत बसलेलं बघायची माझी फार इच्छा आहे. उगाच आडून आडून कशाला लिहू?

— वॉशर


२१ जानेवारी

वॉशर,

आधी एक गोष्ट. लहानपणी "ए काका, मला पण पाना दे" म्हणत माझ्या पाठीवर चढायचीस, आणि आता 'तुम्ही'? मला काय कोर्टातला वकील केलंस? पुढचं पत्र 'तू'ने आलं नाही तर पोस्टमनच्या हाती परत देईन.

तुझे तिन्ही रिपोर्ट बरोबर आहेत, मशीन बंद करू नकोस. इंजिनात चार भांडी असतात. लोक सिलिंडर म्हणतात, आपल्या वर्कशॉपात भांडीच म्हणायचे. प्रत्येक भांड्यात एक दट्ट्या वर-खाली होतो, तो पिस्टन. भांड्याचं भोक किती रुंद ते बघायचं, दट्ट्याची चाल किती लांब ते बघायचं, त्यावरून एका भांड्याचं माप काढायचं आणि चारने गुणायचं. झाले तुझे सीसी. आपल्या गाडीला कंपनीने त्र्याहत्तर मिलिमीटरचं भोक आणि शहात्तरची चाल दिली. एका भांड्याचे तीनशे अठरा सीसी, चारांचे बाराशे बहात्तर. कागदावर तेच आहे. पण बाराशे बहात्तर म्हणताना जीभ अडखळते, म्हणून डिकीवर तेराशे. हजार सीसी म्हणजे एक लिटर, म्हणून टायरवाल्या बाईंचं वन पॉइंट थ्री. चपलेच्या नंबरासारखंच आहे ते. आठ नंबर म्हणून विकतात, पाय ज्याचा त्याचा. आणि आकडा मोठा म्हणजे गाडी पळणारी, असंही समजू नकोस. मोठी पातेली असलेल्या प्रत्येक घरात जेवण चांगलं असतं का?

पण त्या गाडीचं आजचं माप या तिन्हींपैकी एकही नाही. ते का, हे तुला बापाने सांगितलेलं दिसत नाही. मग माझ्याकडून ऐक.

इंजिन चालून चालून भोकं झिजतात. मग ती थोडी मोठी कापून थोडे मोठे पिस्टन घालतात. वर्कशॉपात ते काम माझं. दादा गाडी चालवणारा, मी भोकं कापणारा. त्या वर्षी डोंगरचढणीच्या शर्यतीत तेराशे सीसीच्या आतल्या गाड्यांचा गट होता. दादा म्हणाला, अर्धा मिलिमीटर वाढव. अर्धा वाढवला की इंजिन होतं बाराशे नव्वदचं, गटात बसतं. एक वाढवला तर तेराशे सात, गटाबाहेर. मी अर्धा वाढवला. गिऱ्हाइकाचं काम अडलं होतं म्हणून मी मागे राहिलो आणि दादा तुला घेऊन गेला. तो पहिला आला. मग पंचांनी इंजिन उघडून मोजलं आणि माप भरलं तेराशे सात. हातात दिलेला करंडक चारचौघांत परत घेतला.

घरी येऊन तो ओरडलाही नाही. एवढंच म्हणाला, "अर्धा सांगितला होता, एक केलास. जिंकायची हाव सुटली तुला." मी म्हटलं, उघड आणि मोज. तो म्हणाला, "मोजलंय त्यांनी." परक्याचा शब्द खरा आणि पाठच्या भावाचा खोटा! मी पान्यांची पेटी उचलली आणि निघालो, तो इथे येऊन थांबलो.

गाडी नको. मी येणार नाही. ज्या घरात मी चोर आहे तिथला चहा माझ्या घशाखाली उतरायचा नाही. त्याने त्याच्या तोंडाने म्हणावं, अर्धाच होता. मग बोलावणं नसलं तरी येईन.

ऑपरेशननंतर त्याला वाकू देऊ नकोस. तो ऐकणार नाही, पण तू सांग.

— काका


१२ फेब्रुवारी

ए काका,

झालं समाधान? पोस्टमनला त्रास देऊ नकोस.

बाबांचं ऑपरेशन छान झालं. एका डोळ्याने आता त्यांना माझ्या घरातली जळमटंसुद्धा दिसतात आणि ते ती मोजून दाखवतात. डॉक्टरांनी धुळीत जायला मनाई केली, म्हणून वर्कशॉपची किल्ली माझ्याकडे आली. मी काय केलं ते सांगते, रागावू नकोस. मी इंजिन उघडलं.

किती वर्षांनी एकटीच आत गेले. जळक्या तेलाचा आणि रॉकेलचा तोच वास. पत्र्याच्या भोकातून येणारा उन्हाचा तोच कवडसा, ज्यात तू मला धूळ पकडायला बसवायचास, म्हणजे मी कामात लुडबुड करायची नाही. भिंतीवर प्रत्येक पान्याभोवती खडूने काढलेली रेघ अजून आहे. तुझे पाने जिथे असायचे तिथे नुसत्या रेघा आहेत. बाबांनी तिथे दुसरं काही टांगलेलं नाही. वर्कशॉपात जागेची केवढी मारामार असते, तुला माहीत आहे. 

इंजिनावरचं झाकण, ते हेड, उतरवायला टायरवाल्या बाई आल्या. त्यांच्या मनगटात दोघांचं बळ आहे आणि तोंडात चौघांचं. आम्हाला वाटलं होतं सबंध दिवस मोडेल, पण बोल्ट लोण्यासारखे निघाले. भोक मोजायचं हत्यार माझ्याकडे नाही, पण सीसी मोजण्यात माझा जन्म गेला. पिस्टन पार खाली नेला आणि मोठ्या सिरिंजने भांडं तेलाने काठोकाठ भरलं. शर्यतीच्या दिवशी बाबांना पंचांच्या तंबूबाहेर उभं केलं होतं आणि मी कापडाच्या फटीतून आत बघत होते. तिथे एक चष्मेवाले गृहस्थ काचेच्या नळीतून असंच तेल ओतत होते. मला वाटलं, गाडीला औषध पाजताहेत.

तीनशे सत्तावीसला अगदी थोडं कमी भरलं. चारही भांडी भरली. चारही सारखी. बेरीज तेराशे सात.

काका, मी पुन्हा मोजलं. त्यानंतर आणखी एकदा मोजलं. मला पक्की खात्री होती की बाराशे नव्वद भरेल, आणि मग मी बाबांना हाताला धरून आणून दाखवीन. घरी परतलो तो रस्ता मला अजून आठवतो. मी मागच्या सीटवर, बाबा चालवताहेत, काचा बंद, आणि रस्ताभर शब्द नाही. मी विचारलं, "काका रागावेल का?" त्यांनी गियर बदलला. त्यानंतर आमच्या घरात कोणी हसलंच नाही असं नाही. पण तू काहीतरी वाह्यात बोलायचास आणि बाबा हातातलं काम टाकून खाली बसून हसायचे, तसं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही.

मला तुझा राग नाही. जिंकावंसं वाटलं असेल. कुणाला वाटत नाही? फक्त खरं काय ते मला एकदा सांग, आणि ये.

— वॉशर


२४ फेब्रुवारी

पत्र मिळालं. आकडा वाचला.

मी अर्धाच वाढवला असं इतकी वर्षं समजत होतो. मध्येच कधीतरी काम करता करता शंका यायची, घाईत दुसऱ्या खोक्यातले पिस्टन तर नाही ना घेतले? शंका आली की मी मशीनचा आवाज ऐकत राहायचो. आता तीही मिटली. चोर नसेन तर हात चुकणारा कारागीर तरी आहेच. दोन्हींपैकी काय लिहायचं ते तुझ्या संस्थेला लिही. गाडी भंगारात गेली तरी माझं काही म्हणणं नाही.

दादाला यातलं काही सांगू नकोस. त्याला माझी कीव आलेली मला खपणार नाही.

— काका


२६ फेब्रुवारी

वॉशर,

परवाचं पत्र फाड. मिळालं नसेल तर मिळेल तेव्हा फाड.

मी जेवत नाही म्हणून काकूने तुझं पत्र मागितलं. मी म्हटलं, दोनदा वाचलंय, त्यात काही नाही. ती म्हणाली, "आकडा दोनदा वाचला असेल. पत्र कुठे वाचलंत?" आणि तिने ते मोठ्याने वाचायला घेतलं. काचेच्या नळीपाशी ती आली आणि मी ओरडलो, थांब! ती एवढी दचकली की चष्मा पडला.

तेल? पंचांनी तेल ओतून मोजलं? हे मला आजवर कुणी सांगितलंच नाही! दादा बाहेर उभा, मी घरी, आणि आत बघणारी तू नऊ वर्षांची. मी धरून चाललो होतो की त्यांनी भोक मोजलं, चाल मोजली आणि गुणाकार केला. रीत तीच आहे.

आता नीट वाच. चूक तुझी नाही, माझ्या शब्दाची आहे. मीच 'भांडं' म्हटलं. भांडं म्हटलं की माणूस भरून बघणारच. पण इंजिनाचं माप म्हणजे भांड्यात काय मावतं ते नव्हे, दट्ट्या खालून वर जाताना जेवढी जागा झाडून नेतो तेवढंच. तुझ्या सिरिंजमध्ये दट्ट्या टोकापर्यंत दाबलास तरी सुईच्या मुळाशी एक थेंब उरतो ना? तो तू पेशंटला दिला असं लिहितेस का? नाही. तो आत असतो, पण मापात नसतो. या पिस्टनांच्या डोक्यावर बशीसारखा खळगा आहे, आणि पिस्टन पार वर आला तरी काठापासून केसभर खाली राहतो. ती बशी आणि ती फट मिळून एकेका भांड्यात सव्वाचार सीसी तेल जास्त बसतं. ते दट्ट्या कधीच हलवत नाही. चारांचे सतरा. तुझ्या तेराशे सातातून सतरा काढ. किती उरले?

बाराशे नव्वद, पोरी. मी कागदावर मांडलं आणि काकूला दाखवलं. तिला काही कळलं नाही, पण ती रडली. नेमका एक मिलिमीटर वाढवल्यावर जो आकडा येतो तोच त्या चुकीने यावा, याला नशीब म्हणायचं की नशिबाची थट्टा? आकडा एवढा चपखल बसला नसता तर दादाला शंका तरी आली असती.

तरी खात्री कर. पिस्टनच्या डोक्यावरची काजळी पूस. खाली आकडा कोरलेला असतो. ५० असेल तर अर्धा, १०० असेल तर एक.

आणि दुसरं. तीस वर्षं हात न लागलेले बोल्ट लोण्यासारखे निघत नाहीत. ते गंजून बसतात, शिव्या खातात आणि शेवटी तुटतात. हेडच्या खाली पातळ पत्र्यासारखं गॅस्केट असतं, ते कसं दिसतं ते कळव. पंचांनी हेड पुन्हा बसवल्यावर दादा गाडी चालवतच घरी आला, म्हणजे भोकांच्या कडेने ते भाजून काळं पडलेलं हवं.

— काका


९ मार्च

ए काका,

काजळी पुसावी लागली नाही.

तीन पिस्टन काळेकुट्ट आहेत. पहिल्यावर मात्र नाण्याएवढी जागा कुणीतरी आधीच पुसलेली आहे आणि तिथे ५० कोरलंय. तेल भरताना मी ते बघितलं होतं. मला वाटलं, असेल कंपनीचा काही नंबर. गॅस्केट कोरं आहे. कडेला डाग नाही, भाजल्याची खूण नाही. बोल्टांच्या आट्यांत ग्रीस आहे. टायरवाल्या बाईंनी गॅस्केट उजेडात धरलं, फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "हे घातलं आणि मग इंजिन एकदाही सुरू केलं नाही." 

तुझ्या मनात जे आलं तेच माझ्या मनात आलं, म्हणून लिहूनच टाकते. गाडी घरी आणल्यावर बाबांनी इंजिन उघडलं होतं. एकट्याने. तू 'उघड आणि मोज' म्हणालास ते त्यांनी तू गेल्यावर केलं. ५० बघितलं, नवं गॅस्केट घातलं, बोल्टांना ग्रीस लावून सगळं जागच्या जागी बसवलं आणि ताडपत्री टाकली. काका, त्यांना माहीत होतं. कधीपासून ते मला ठाऊक नाही.

मी विचारलं नाही. एक शनिवार माझा याच विचारात गेला की चहा देताना विचारू, की जेवताना विचारू. पण धुळीची बंदी उठल्यावर ते स्वतःच वर्कशॉपमध्ये आले. मी हेड उतरवून ठेवलेलं त्यांनी बघितलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. ते पहिल्या भांड्यापाशी गेले, आत बघितलं आणि म्हणाले, "फडकं टाकून ठेव, धूळ जाईल." मग पाठमोरेच, "कळवलंस त्याला?"

मी म्हटलं, "कुणाला?" ते हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते.

तुला राग आला तर तो मी चुकीचा म्हणणार नाही. पंचांच्या मापाने फसवलं ते ठीक, पण त्यानंतरचं गप्प राहणं त्यांचं स्वतःचं आहे. माझ्या बापाची बाजू मला मांडता येत नाही. मी फक्त एवढं सांगू शकते की मार्चअखेर वर्कशॉप रिकामं होईल आणि ते रोज जाऊन त्या गाडीपाशी स्टूल टाकून बसतात.

— वॉशर


१६ मार्च

वॉशर,

राग आला. असा आला की हातातला पाना फेकला, तो शेजाऱ्याच्या कुंडीवर पडला, आणि मला आधी कुंडीची माफी मागत बसावं लागलं. त्याला माहीत होतं आणि त्याला एक ओळ लिहिता आली नाही! मी काकूला म्हटलं, आता तर जन्मात जाणार नाही. ती म्हणाली, "जा आणि तिथे जाऊन भांडा. माझ्यावर का ओरडता?"

दोन दिवस तसाच होतो. काल एक इंजिन कापायला घेतलं आणि मध्येच मशीन थांबवून बसलो. तुझी आई गेली तेव्हा मी आलो होतो, तुला माहीत नसेल. लोकांच्या मागे उभा राहिलो आणि कुणाला न भेटता परतलो. तुझं लग्न झालं तेव्हा पत्रिका आली, ती मी दुसऱ्याच कुणीतरी पाठवली असेल असं म्हणून बाजूला ठेवली. का, तर त्या घरात मी चोर होतो. सगळं आयुष्य मी त्या एका गोष्टीच्या कडेकडेने चाललो. आणि आता कळतंय की त्या घरात मी चोर नव्हतोच. तिथे एक माणूस होता, त्याला माहीत होतं की माझा हात खरा आहे. त्याने माझ्या पान्यांच्या जागा रिकाम्या ठेवल्या. तोंड तेवढं उघडलं नाही.

मी त्याला ओळखतो. पहिल्या आठवड्यात 'चुकलं' म्हणायला त्याची जीभ जड झाली असेल. वर्ष गेल्यावर ती उचलेनाशी झाली असेल. उशीर झाला की माणूस त्या उशिराचीच लाज बाळगून आणखी उशीर करतो. मीही काही कमी नाही. तंबूत कसं मोजलं हा एक प्रश्न मला कधीही विचारता आला असता, पण तो विचारायला त्याच्याशी बोलावं लागलं असतं.

माझी अट मी मागे घेतली. त्याने काही म्हणायची गरज नाही. तिकीट काढलंय. नवं गॅस्केट घेऊन येतो, जुनं कोरं असलं तरी ते आता घालू नये. त्याला सांगू नकोस, नाहीतर तो केस कापून बसेल आणि दारात अवघडून उभा राहील.

— काका


२८ मार्च

अगं,

पोहोचलो. आधी कामाचं सांगतो, नाहीतर राहून जाईल. बाहेरची खोली झाडून ठेव. गाडी आम्ही रस्त्याने चालवतच आणणार आहोत आणि दादा बरोबर येतोय, आठ दिवसांसाठी म्हणतोय, पण त्याची ट्रंक बघता महिनाभर हलणार नाही. आणि माझा राखाडी स्वेटर उन्हात घाल.

वाटेत मी चार वाक्यं घोटून ठेवली होती. शेवटचं तर फार झोंबणारं होतं, तुला वाचून दाखवलं असतं तर तू मला बोलली असतीस. वर्कशॉपचं दार दादानेच उघडलं.  तो म्हणाला, "वाळलास." मी म्हटलं, "तू म्हातारा झालास." तो म्हणाला, "आत ये, धूळ आहे, शिंकशील." संपलं. वाक्यं खिशातच राहिली. वॉशर मागे उभी होती, ती हसत होती का रडत होती ते मला कळलं नाही. गोल आहे अजून. डोळे तुझ्यासारखे मोठे करून बघते.

दोन दिवस गॅस्केट, पाणी, तेल, वायरिंग यांशिवाय आमच्यात दुसरा शब्द नाही. कुणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, हे दोघं आज सकाळीच कामाला लागले. संस्थेच्या नोंदणीच्या कागदावर इंजिनाच्या मापापुढे वॉशरने बाराशे नव्वद लिहिलं आणि तो कागद मुद्दाम दादासमोर ठेवला. त्याने वाचला, घडी घातली आणि तिला परत दिला. मी म्हटलं ना, त्याने म्हणायची गरज नाही. मनापासून म्हटलं होतं. तरी रोज चहाच्या वेळी कान तिकडेच असायचे, हे तुला म्हणून सांगतो.

आज हेड चढवलं. बोल्ट मधून सुरुवात करून ठरल्या क्रमाने बाहेर आवळत जायचे असतात. पाना माझ्या हातात, आणि पुढचा कुठला ते दादा बोटाने दाखवत होता. समोर टायरवाल्या बाईंनी कॉम्प्रेसर सुरू केला. तो धडधडायला लागला की शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. दादा वाट बघत असावा, कारण तेवढ्यात, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, "अर्धाच होता."

मला ऐकू आलं. चांगलं स्वच्छ ऐकू आलं. तरी मी म्हटलं, "काय?"

त्याने मान वर केली. मोठ्याने, पार कॉम्प्रेसरच्या वरच्या आवाजात म्हणाला, "अर्धाच होता रे, बारक्या! तू गेलास त्याच थंडीत उघडून बघितला मी!"

बारक्या म्हणून मला हाक मारणारं दुसरं कुणी राहिलेलं नाही, हे त्याने मारल्यावर लक्षात आलं. मी पुन्हा एकदा 'काय' म्हणणार होतो. तेवढा हक्क आहे माझा. पण त्याची हनुवटी थरथरायला लागली होती, आणि आमच्या दादाला असं मी आजवर कधी बघितलेलं नाही. म्हणून म्हटलं, "ऐकू आलं. पुढचा बोल्ट दाखव."

— मी